भागीबाईचा भोकाचा पैसा

देवळाली कॅम्पात पंपाच्या जळालेल्या मोटारी तांब्याची नवी तार गुंडाळून भरून देणाऱ्या जयरामचं दुकान कुठं, असं विचारलं तर लोक डोकं खाजवायचे. पण "समुद्रवाला जयराम" म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा घरापर्यंत सोडायला यायचं. त्याच्या पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत समुद्र होता, खराखुरा, खारट. गोदावरीच्या गावात राहून या माणसाला समुद्राचं वेड लागलं, आता काय बोलायचं!

त्या समुद्राच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभी असायची. येणारेजाणारे निळा मासा बघायचे, हलणारी प्रवाळं बघायचे, चहा प्यायचे आणि जायचे. चहा कुणी केला हे कुणाच्या ध्यानात राहायचं नाही. ती भागीबाई, जयरामची बायको.

भागी कळवणकडची. तिची आई चिमणाबाई मोठी खमकी. लेकीच्या लग्नाला ती स्वतः नाशकात तांबट आळीत आली, हंड्यांवर टिचक्या मारून आवाज पारखला आणि एक लालबुंद तांब्याचा हंडा डोक्यावर घेऊनच एसटीत बसली. मांडवात जावयाला म्हणाली, "जावईबापू, पोरगी सावळी हाय, पर हंडा बघा कसा लाल दिलाय." सगळा मांडव हसला. जयरामही हसला. तेव्हा हसायचा तो.

भागी त्या हंड्यातलंच पाणी प्यायची. माहेरची आठवण आली की हंडा खाली घ्यायची, चिंच लावून घासत बसायची. लेक संध्या मोठी झाली, लग्न होऊन सिन्नरला गेली, तरी हंडा आपला ओट्याच्या कोपऱ्यात होता तिथंच.

मग नव्याण्णव साली तोफखान्यातल्या एका मेजरसाहेबाची बदली झाली. त्यांच्या बंगल्यावर जयराम पंप दुरुस्तीला जायचा. साहेब म्हणाले, हे एवढं सगळं आसामात कुठं नेऊ, तूच सांभाळ. झालं. पेटी आली, दगड आले, मासे आले, आणि साहेबांनी पाठ करून घेतलेले नियम आले.

नियम काय थोडे होते? पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालायचं. हे भागीला शिकवावं लागलं नाही. आमटी आटली की खारट होते, हे कोणत्या बाईला सांगावं लागतं? प्रवाळं दिसायला फुलं, पण जातीनं जनावरं, त्यांना हाडं धरायला चुना लागतो. म्हणून चुन्याची निवळी थेंबाथेंबानं सोडायची. उन्हाळ्यात पाणी तापलं की पंखा लावायचा. मोठ्या पेटीखाली कपाटात दुसरी लहान टाकी होती, तिच्यात पाणी गाळलं जायचं आणि एक नळी फेस काढायची. फेसाबरोबर वर चढलेली काळी घाण एका पेल्यात जमायची. तो पेला धुवायचा, खालच्या टाकीतला स्पंज पिळायचा, हे काम भागीचं. वरच्या पेटीत हात घालायचा मान जयरामचा.

आणि सगळ्यात मोठा नियम तांब्याचा. जयराम दिवसभर दुकानात तांब्याची तार हाताळायचा, म्हणून घरी आला की कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय पेटीकडं फिरकायचा नाही. पाहुण्यांना सांगायचा, "तांबं म्हणजे यांना विष. माशाला एकवेळ चालतं, माशाच्या दुखण्यावर तर औषध म्हणून देतात. पण हे झिंगे, या गोगलगाई, ही प्रवाळं, यांना कणभर पुरे."

पाहुणे माना हलवायचे. भागी दारातून ऐकायची. पण नुसतं ऐकणं वेगळं आणि ध्यानात घेणं वेगळं. तिच्याकडून चूक झाली ती इथंच.

दोन हजार तीनचा कुंभमेळा. नाशकात पाय ठेवायला जागा नव्हती आणि जयरामच्या घरात तर झोपायला नव्हती. मावश्या, आत्या, त्यांची नातवंडं, सगळे शाहीस्नानाला आलेले. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी जयराम पेटीसाठी कॅनमधून आणायचा. ते संपलं होतं. तो पाहुण्यांना रामकुंडावर नेण्याच्या गडबडीत, जाता जाता म्हणाला, "भागे, पेटीत गोडं पाणी घाल गं."

भागीनं घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घातलं. आईच्या हंड्यातलं, रात्रभर मुरलेलं. पाहुणे होते तोवर रोज घातलं.

झिंगे उताणे पडले. गोगलगाई काचेवरून गळून खाली आल्या. जयरामनं शोध लावला आणि भरल्या घरात, मावश्यांच्या देखत, भागीला फैलावर घेतलं. "अक्कल गहाण टाकलीस का? कळवणच्या डोंगरात शेळ्या राखायच्या सोडून इथं कशाला आलीस?"

एक आत्या पदरात तोंड लपवून हसली. भागीनं ते पाहिलं.

तिनं मेलेले झिंगे सुपलीत भरून बाहेर टाकले. पण दुसऱ्या दिवशी ती रॉकेलच्या रांगेतून परत आली तर ओट्याचा कोपरा रिकामा. जयरामनं हंडा मोडवाल्याला देऊन टाकला होता. "विषाची भांडी घरात नकोत," एवढंच म्हणाला आणि पेटीसमोर जाऊन बसला.

शेजारच्या सकीनाकडं, जी जवानांचे गणवेश शिवायची, भागी जाऊन बसली. सकीना मशीन थांबवून म्हणाली, "रडून घे गं बाई."

"रडत नाय मी."

"मग काय करतेस?"

"ध्यानात ठेवते."

जयरामनं पाणी बदललं, नवे झिंगे, नव्या गोगलगाई आणल्या. आणि तिथून पुढं भागी खरंच ध्यानात ठेवू लागली. जयराम जे जे बोलायचा ते ते. पाण्यात मीठ किती, चुना किती, कुठला दगड कुठं, कुठल्या नळीचा कशाशी संबंध. त्याला वाटायचं, बायको खोलीत झाडू मारतेय.

मग लोडशेडिंगचे दिवस आले. दिवसाचे तासनतास लाइट नसायची. लोक उकाड्यानं हैराण, जयराम समुद्रापायी हैराण. पंप थांबला की पाण्यातला वारा संपतो, जीव गुदमरतात. त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. बॅटरी उतरली की मग वाटीनं पाणी उचलून वरून ओतत बसायचा, जेवणखाण विसरून. लोकांना कौतुक वाटायचं. भागीला आठवायचं की संध्याच्या बाळंतपणात हा माणूस दवाखान्यात येऊन घड्याळ बघून गेला होता.

दोन हजार सहाच्या वैशाखात सकाळी भावाचा, रावजीचा, फोन आला सकीनाच्या घरी. "ताई, आईचं काय खरं नाय. तुझं नाव घेतीय. आणि सारखं इचारतीय, जावई येतील का म्हणून. दाजींना घेऊनच ये."

भागी पिशवी भरून उभी राहिली. लाइट गेलेली होती आणि जयराम वाटीनं पाणी ओतत होता.

"चला ना."

"तू पुढं हो. लाइट आली की आलोच मी मागून. नाशकाच्या स्टँडवर थांब, एकत्र जाऊ."

ती नाशकात जुन्या स्टँडवर येऊन बाकावर बसली. कळवणची गाडी लागली, भरली, सुटली. भागी उठली नाही. नवरा थांब म्हणाला होता ना! दुसरी लागली, तीही सुटली. उन्हं चढली. शेवटी तिसऱ्या गाडीत ती एकटीच चढली. वणीच्या पुढं गाडी घाट चढत होती तेव्हा तिकडं कळवणात चिमणाबाईनं मान टाकली होती.

दारात पोचली तर बायका बाहेर बसलेल्या. भावजय गळ्यात पडून म्हणाली, "ताई, एका गाडीनं चुकलात हो. शेवटपर्यंत दाराकडं बघत व्हत्या." आणि तिनं भागीच्या हातावर एक वस्तू ठेवली. म्हातारीच्या पदराच्या गाठीत सापडलेली. इंग्रजांच्या राज्यातला भोकाचा पैसा, तांब्याचा, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेला.

जयराम मातीला आला नाही. पाणी गढूळ झालं होतं म्हणे.

दशक्रियेला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर बसले होते दोन, पण खाली यायचं नाव नाही. रावजीनं हात जोडून सांगितलं, आई, शेत विकणार नाय. कावळा हलला नाही. भावजयीनं सांगितलं, धाकटीचं लग्न करू. नाही. सगळे ताटकळले. मग भागी पुढं झाली, पदर पसरून म्हणाली, "आई, वर्षश्राद्धाला जावई आणते. तुझ्या दारात उभा करते. वचन देते."

एक कावळा पंख फडफडवत आला आणि पिंडावर बसला.

जयराम तेराव्याला आला. जेवला. बुंदीला नावं ठेवली नाहीत, तेवढेच उपकार. संध्याकाळच्या गाडीनं परत. वाटेत भागीला म्हणाला, "तुझी आई गेली ना, त्याच दिवशी तो निळा मासा मरणार होता. वाचवला बघ."

भागीनं खिडकीकडं तोंड केलं. मुठीत भोकाचा पैसा होता. तिनं तो इतका आवळला की तळहातावर गोल उमटला, मधल्या भोकासकट.

वर्ष सरत आलं. भागी वाट बघायला शिकली होती, स्टँडच्या बाकावर शिकली होती. वर्षश्राद्धाला थोडे दिवस उरले तेव्हा एका दुपारी तिनं पैसा चिंचेनं घासून लालभडक केला. खालच्या टाकीतला स्पंज पिळायला काढला आणि परत बसवताना पैसा त्याच्याखाली, पाणी वळून जातं तिथं, सरकवून दिला. साबणाचं पाणी ओतलं असतं तर एका घटकेत काम झालं असतं. पण साबणानं मासा मेला असता. माशाशी तिचं भांडण नव्हतं. जयरामच्या तोंडूनच तिनं ऐकलं होतं, तांबं माशाला चालतं.

सकीनाला फक्त एवढंच म्हणाली, "पेरलंय मी."

"काय पेरलंयस?"

"उगवलं की सांगते."

उगवलं हळूहळू. आधी गोगलगाई गळाल्या. मग झिंगा कोपऱ्यात जाऊन कुशीवर पडला. मग ती पंजासारखी पसरणारी प्रवाळं मिटली ती उघडेचनात, वाळक्या भेंडीसारखी दिसायला लागली. जयराम वेडापिसा झाला. मीठ तपासलं, बरोबर. चुना तपासला, बरोबर. पाणी बदललं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. पाण्याच्या कॅनवाल्याशी भांडला. लाइटवाल्यांना शिव्या दिल्या. सकीनाच्या दारात जाऊन तिला म्हणाला, "तू गुरुवारी लोबान जाळतेस ना, त्याच्या धुरानं माझा समुद्र चाललाय!"

सकीना कमरेवर हात ठेवून उभी. "जयरामभाऊ, माझा लोबान वीस वर्षं भुतं पळवतोय. तुमच्या गोगलगाईच्या वाटेला तो जायचा नाही. घरात बघा जरा, घरात!"

घरात बघितलं त्यानं. स्वतःचे हात बघितले. दुकानातली तांब्याची तार अंगाला चिकटून येत असेल, म्हणून दुकान बंद ठेवलं, हात लाल होईपर्यंत घासले. वरच्या पेटीतला दगड न् दगड उचलून बघितला. पण खालच्या टाकीतला स्पंज? ते तर भागीचं काम. तिकडं कोण बघतंय.

आणि खरं सांगायचं तर इथंच भागीला चटका बसला. या माणसानं कॅनवाल्याला धरलं, सरकारला धरलं, सकीनाच्या धुराला धरलं, स्वतःच्या हातांवर संशय घेतला. बायकोवर नाही! बादली धरायला तिलाच बोलवायचा. मेलेला झिंगा तिच्याच हातात देऊन म्हणायचा, "बाहेर टाक गं." तिच्या हातून काही घडू शकतं, हे त्याच्या स्वप्नातही येईना. चूक करायला ती होती. सूड घ्यायला ती त्या घरात राहतच नव्हती जणू.

अशा सुडाला चव कुठली? आमटी रांधली आणि खाणाऱ्याला नाकच नाही.

वर्षश्राद्धाची सकाळ उजाडली. भागीनं हिरवं लुगडं नेसलं, आईनं शेवटच्या दिवाळीला घेतलेलं. जयराम बाह्या सरसावून पेटीत खांद्यापर्यंत बुडालेला.

"चला, गाडी चुकंल."

"तू पुढं हो. मी मागून..."

वाक्य पुरं व्हायच्या आत भागी खाली बसली. कपाट उघडलं, स्पंज उचलला, बोटं फिरवली आणि उठून त्याच्या ओल्या तळहातावर पैसा ठेवला. हिरवा पडला होता, कडा खाल्ल्या गेल्या होत्या.

जयराम बघतच राहिला. "तांबं! हे... हे यात कसं आलं? घुशीनं आणलं असणार!"

"घूस नाय. मी."

"चुकून पडला का तुझ्या हातून?"

"नाय वो. घासूनपुसून, जागा हेरून ठेवला. माझ्या आईच्या पदरातला हाय."

तेव्हा कुठं त्यानं मान वर करून बायकोकडं बघितलं. असं बघितलं जसं कपाटातलं भांडं बोलायला लागलंय.

"भागे, जीव होते गं ते! मुके जीव!"

"आणि माझी आई काय दगड व्हती? ती तर बोलत व्हती. जावई आले का, जावई आले का. मी स्टँडवर तुमच्यापायी दोन गाड्या सोडल्या, तवर तिनं डोळं मिटलं. तुम्हाला त्या दिवसाचा फक्त मासा ठावा."

त्याचा हात वर गेला. मारायला गेला की डोक्याला लावायला, त्यालाच माहीत. भागी हलली नाही. हात खाली आला.

"आता ऐका," ती म्हणाली. "पैसा निघालाय. आज दिवसभर पाणी बदलत बसलात तर निम्मं वाचंल, मला ठावं हाय. आणि आज माझ्या आईचं वर्षश्राद्ध हाय. गेल्या खेपंला तुम्ही निवडलं. आज बी निवडा. पर मी स्टँडवर थांबणार नाय."

आणि पैसा त्याच्या हातातून परत घेऊन ती निघाली.

नाशकाला आली. कळवणची गाडी उभीच होती. भागी चढली, खिडकीशी बसली. गाडी सुटून फाटकातून वळली तेवढ्यात एक रिक्षा करकचून थांबली आणि तिच्यातून जयराम उतरला. पायात एकच चप्पल, बाह्या ओल्या, हात करत धावतोय.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, ते पाहुणे तुमचे का? थांबवू?"

भागीनं त्याच्याकडं नीट डोळे भरून बघितलं. "नको," ती म्हणाली. "मागून गाडी हाय की."

घाट लागेपर्यंत तिला फार बरं वाटलं. अगदी माहेरी निघालेल्या पोरीसारखं वाटलं. मग वणी मागं पडली आणि ती मान वळवून मागचा रस्ता बघायला लागली. वचन आईला दिलं होतं. आणि जावयाला तर आपणच स्टँडवर सोडून आलो! मागची गाडी त्यानं धरली नाही तर? अर्ध्यातून माघारी फिरला, समुद्राकडं पळाला तर?

कळवणात पानं मांडली. कावळ्याचं पान पत्र्यावर ठेवलं. लिंबावर कावळे होते, पण एक खाली येईना. वास सुटलेला, पोरं भुकेली, रावजी घाम पुसत, "काव काव" करून घसा कोरडा. भावजय हळूच म्हणाली, "ताई, ते वचनाचं..."

"ठावं हाय मला," भागी म्हणाली. तिची नजर रस्त्यावर होती. वर्षापूर्वी आईची असेल तशीच. सूड घ्यायला बसलेली बाई त्याच माणसाची वाट बघत होती, ज्याच्यावर सूड घ्यायचा होता. यावर हसावं की रडावं?

उन्हं कलली तेव्हा जयराम फाट्यावरून चालत आला. अनवाणी. उरलेली चप्पलही कुठं सोडली होती कोण जाणे. कुणाशी न बोलता पत्र्याखाली जाऊन उभा राहिला, हात जोडले. हातांना खाऱ्या पाण्यानं भेगा पडलेल्या.

"सासूबाई," तो म्हणाला, "उशीर झाला. लय उशीर झाला."

पत्रा वाजला. कावळा पानावर होता.

त्याला मागाहून जेवायला एकट्यालाच वाढलं. भागीनंच वाढलं. त्यानं विचारलं, "पोळी आहे का अजून?" आणि ती म्हणाली, "थांबा. येते मागून." आणि बराच वेळ पोळी घेऊन गेलीच नाही.

घरी परतले तर समुद्राचं पाणी दुधासारखं झालेलं. प्रवाळं गेली, झिंगे गेले, काही उरलं नाही. फक्त निळा मासा मधोमध फिरत होता, जसं काही घडलंच नाही.

"हा वाचला," जयराम पुटपुटला.

"वाचणारच व्हता," भागी म्हणाली. "ते बघूनच केलं व्हतं."

दगडांनी तांबं पिऊन घेतलं. त्या पेटीत पुन्हा झिंगा जगला नाही, की फूल उमललं नाही. आता मासेच आहेत. पाहुणे येतात, पण चहा पिताना स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून "बरं आहे ना वहिनी" म्हणतात. कॅम्पात गोष्ट लपून राहते होय? सकीनानं तर लोबानाचं नाव साफ करून घेतल्याशिवाय कुणाला सोडलंच नाही. माघारी सगळ्यांनी भागीला नावं ठेवली. समोर कुणी ठेवली नाहीत.

कुणी फारच विचारलं, की "झालं ना गं आता समाधान?" तर भागी म्हणायची, "आईचं झालं. हंड्याचं राहिलंय."

हे जयरामच्या कानावर गेलं असावं. एक दिवस तो दुकानातून परस्पर नाशकात गेला, तांबट आळीत, आणि टिचक्या मारून, आवाज पारखून एक हंडा घेऊन आला. ओट्यावर ठेवायला निघाला तर भागी म्हणाली, "तिथं नको. हितं."

आणि तिनं हंडा पेटीच्या शेजारीच ठेवून घेतला. हाताच्या अंतरावर.

आता रोज संध्याकाळी भागी त्या हंड्यातून तांब्या भरून घेते आणि पेटीसमोरून सावकाश चालत जाते. जयराम पेपर वाचत असो की जेवत असो, ती तांब्या घेऊन पेटीपाशी आली की, तांबं माशाला चालतं हे ठाऊक असूनही, तो उठून उभा राहतो. तिच्याकडं बघत राहतो, डोळ्याची पापणी न हलवता. भागी थांबते. निळ्या माशाकडं बघते. नवऱ्याकडं बघते. मग तांब्या तोंडाला लावते, घटाघटा पाणी पिते आणि रिकामा तांब्या हंड्यावर पालथा घालते.

मग तो खाली बसतो.